बुजलेले छिद्र पुन्हा उघडते तेव्हा

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यबिंदूला पडणाऱ्या छिद्राविषयी, म्हणजे रुग्णालयात सगळेच ज्याला ‘मॅक्युलर होल’ म्हणतात त्याविषयी, वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील बहुतेकांचे एक ऑपरेशन होऊन गेले आहे आणि आता दुसऱ्याचा प्रश्न पुढे आहे. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझे वय ६६ असून मी निवृत्त शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मॅक्युलर होलचे ऑपरेशन पुण्यात झाले. छिद्र बुजले आणि मी त्या डोळ्याने पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले. मागील दिवाळीनंतर त्याच डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी दाराची चौकट मध्येच आत ओढल्यासारखी दिसू लागली. ओसीटी तपासणीत, म्हणजे प्रकाशकिरणांनी पडद्याचा उभा छेद दाखवणाऱ्या चित्रात, छिद्र पुन्हा उघडल्याचे कळले. अहवालात रुंदी ३१० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिली आहे. एक डॉक्टर लगेच दुसरे ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे म्हणतात आधी महिनाभर थेंब घालून पाहू. घरचे म्हणतात, पहिल्या वेळी मी पालथे झोपण्यात हयगय केली म्हणून हे झाले. खरे काय आणि मी काय करावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी शेवटच्या मुद्द्याविषयी लिहितो, कारण आपल्या पत्रात त्याचाच सल सर्वांत जास्त जाणवतो. पालथे राहण्याचा उपयोग छिद्र बुजेपर्यंतच्या काळापुरता असतो. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात भरलेला वायू नेहमी वर चढतो. मान खाली घातली की पडद्याचा मध्यभाग सर्वांत वर येतो, वायूचा बुडबुडा छिद्र झाकून धरतो, तेथे पाणी साचू देत नाही आणि त्या आधाराने छिद्राच्या कडा एकमेकींकडे सरकतात. बहुतेक डोळ्यांत हे काम पहिल्या काही दिवसांतच आटोपते. आपले छिद्र बुजले होते आणि आपण त्यानंतर कितीतरी महिने वर्तमानपत्र वाचलेत. तेव्हा त्या पहिल्या आठवड्यातील झोपेशी आजच्या छिद्राचा संबंध जोडता येत नाही. घरच्यांना हा परिच्छेद अवश्य वाचायला द्यावा. ऑपरेशन फसले की दोष रुग्णाच्या झोपेवर टाकायचा, ही सवय मी अनेक घरांत पाहतो आणि तिच्यामुळे वयस्कर माणसे विनाकारण खजील होऊन पुढील उपचारच टाळतात, याचे मला फार वाईट वाटते.

मग छिद्र पुन्हा का उघडले? आपल्या बाबतीत काळाचा क्रम बरेच काही सांगतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी काही डोळ्यांत पडद्याच्या मध्यभागी सूज येते, आणि जेथे पूर्वी छिद्र होते तेथील नाजूक सांधा त्या सुजेने उकलू शकतो. दुसरे कारण म्हणजे पडद्यावर नव्याने वाढणारा पातळ थर. तो आकसला की कडा बाहेरच्या बाजूला ओढल्या जातात. पहिल्या ऑपरेशनमध्ये पडद्याच्या आतील बाजूचा अतिपातळ पापुद्रा, ज्याला डॉक्टर आयएलएम म्हणतात, सोलला होता की नाही, यालाही महत्त्व आहे. हा पापुद्रा जेमतेम दोन-तीन मायक्रॉन जाडीचा, म्हणजे कांद्याच्या पातीवरील आवरणाहूनही कितीतरी पटींनी पातळ असतो आणि रंगद्रव्य घालून तो दिसू लागल्यावरच चिमट्याने धरता येतो. तो सोलण्याची पद्धत रूढ झाल्यापासून बुजलेली छिद्रे पुन्हा उघडण्याचे प्रमाण बरेच घटले आहे.

यावरून मोतीबिंदूचे ऑपरेशन करायलाच नको होते, असा निष्कर्ष मात्र काढू नये. मॅक्युलर होलच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या पोकळीतील जेली काढून टाकावी लागते, आणि पन्नाशी उलटलेल्या बहुतेक रुग्णांना त्यानंतर दोन-एक वर्षांत मोतीबिंदू वाढतोच. तो काढणे आपल्याला भागच होते.

आता दोन डॉक्टरांच्या मतभेदाविषयी. माझ्या मते दोघेही अवाजवी काही सांगत नाहीत, आणि निर्णय ओसीटीच्या चित्रावर अवलंबून आहे. आपण अहवालातील आकडा दिला आहे, पण मला आकड्यापेक्षा छिद्राच्या कडा कशा आहेत हे अधिक महत्त्वाचे वाटते. चित्रात छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या कडा फुगून उचलल्यासारख्या आणि त्यांत पाण्याच्या लहान लहान पोकळ्या दिसत असतील, तर सूज हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी स्टेरॉइडचे, सूज उतरवणारे आणि पाणी ओढून घेणारे थेंब देऊन काही छिद्रे ऑपरेशनाविना बुजल्याचे अनुभव जगभरच्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. मात्र हे यश मुख्यतः लहान, म्हणजे साधारण २५० मायक्रॉनच्या आतील छिद्रांत मिळते. आपले छिद्र त्याहून मोठे आहे. म्हणून थेंबांना तीन ते चार आठवड्यांची मुदत द्यावी, त्या काळात डोळ्याचा दाब मोजत राहावा (स्टेरॉइडने तो काही जणांत वाढतो), आणि मुदत संपताच त्याच यंत्रावर पुन्हा ओसीटी करावी. छिद्र आकसत असेल तर थांबता येईल. रुंदी तेवढीच असेल किंवा वाढली असेल तर थेंबांवर आणखी वेळ घालवू नये. उलट कडा पहिल्यापासूनच सपाट असतील किंवा पडद्यावर ओढणारा थर दिसत असेल, तर थेंबांची पायरी गाळून थेट ऑपरेशनाकडे जाणे मला योग्य वाटते.

एक काम आपण आजच करावे. पहिल्या ऑपरेशनच्या रुग्णालयातून ‘ऑपरेशन नोट’ची प्रत मागून घ्यावी. आपल्याकडे रुग्णाच्या हाती बहुधा डिस्चार्ज कार्ड येते, ज्यावर औषधे आणि पुढील तारखा असतात. आत काय केले ते त्यावर नसते. पापुद्रा सोलला का, किती व्यासाचा, कोणते रंगद्रव्य वापरले, कोणता वायू भरला, हे दुसरे ऑपरेशन करणाऱ्याला आधी समजले तर त्याची आखणीच बदलते: पापुद्रा शिल्लक असेल तर तो सोलून किंवा त्याचाच तुकडा छिद्रावर उलटवून काम होते, नसेल तर दुसरा मार्ग योजावा लागतो. ही प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे; संकोच बाळगू नये. बरोबर ओसीटीच्या जुन्या प्रतिमाही घ्याव्यात, नुसता छापील अहवाल पुरत नाही.

पडदा निसटल्याप्रमाणे ही तासांची आणीबाणी नाही, पण महिनोन्‌महिने रेंगाळण्याजोगी गोष्टही नाही. छिद्र जितके जुने होते तितक्या त्याच्या कडांवरील प्रकाशपेशी झिजत जातात.

प्रश्न : माझ्या ७१ वर्षांच्या वडिलांच्या डाव्या डोळ्यातील मॅक्युलर होल ७२० मायक्रॉनचे होते. तीन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झाले, वायू भरला, पण छिद्र बुजलेच नाही. आता डॉक्टर म्हणतात की वारेवरील (प्रसूतीत बाळामागून पडणाऱ्या वारेवरील) पातळ पडद्याचा तुकडा छिद्रात ठेवू. डोळ्यात दुसऱ्याच्या शरीराचा भाग ठेवणे वडिलांना पटत नाही. हे प्रयोग आहेत की सर्वमान्य उपचार? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या वडिलांची गोष्ट सातारच्या वाचकांहून वेगळी आहे. त्यांचे छिद्र बुजून उघडले होते. आपल्या वडिलांचे मुळात बुजलेच नाही. न बुजणाऱ्या छिद्रांत आकार हाच बहुधा मोठा अडथळा असतो. २०१३ पासून प्रचलित असलेल्या वर्गीकरणात ४०० मायक्रॉनच्या वरचे प्रत्येक छिद्र ‘मोठे’ धरले जाते. ७२० म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या जवळ. मिलिमीटरच्या भाषेत ते क्षुल्लक वाटेल, पण पडद्याच्या ज्या भागाने आपण अक्षर वाचतो तो खळगाच दीड मिलिमीटरचा आहे.

यासाठी थोडा इतिहास सांगायला हवा. १९९१ पूर्वी मॅक्युलर होलवर उपचार नाही, असेच रुग्णाला सांगितले जाई. त्या वर्षी अमेरिकेतील नील केली आणि रॉबर्ट वेंडेल यांनी ५२ डोळ्यांवर ऑपरेशन करून त्यांतील ५८ टक्के छिद्रे बुजल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा अनेकांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. पुढे पापुद्रा सोलण्याची जोड मिळाली आणि लहान व मध्यम छिद्रांत यश नव्वद टक्क्यांच्या वर गेले. मागे राहिली ती मोठी आणि न बुजणारी छिद्रे. त्यांच्यासाठी पोलंडमधील झोफिया मिखालेव्स्का आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पापुद्रा पूर्ण न काढता त्याची झालर छिद्रावर उलटवण्याची पद्धत मांडली. ज्यांचा पापुद्रा आधीच सोलून गेला आहे त्यांच्यासाठी नंतर दुसरीकडून काढलेला पापुद्र्याचा सुटा तुकडा, मोतीबिंदूच्या पिशवीचा तुकडा, रुग्णाच्याच पडद्याच्या कडेचा छोटा तुकडा, आणि इटलीतील स्टॅनिस्लाओ रिझ्झो व सहकाऱ्यांनी योजलेला वारेवरील पडदा, असे मार्ग निघाले.

म्हणजे हा पडदा वापरणे हा हवेतील प्रयोग नाही, पण पहिल्या ऑपरेशनाइतका दीर्घ अनुभवही त्याच्या पाठीशी नाही. परकेपणाविषयी वडिलांना असे सांगावे: हा पडदा सिझेरियन प्रसूतीच्या वेळी आईच्या संमतीने घेतात, आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी व सी आणि सिफिलिससाठी तपासणी करतात, आणि प्रक्रिया करून तो साठवतात. बुबुळ चुन्याने किंवा आम्लाने भाजलेल्या डोळ्यांवर नेत्रतज्ज्ञ हा पडदा कितीतरी वर्षे लावत आले आहेत. त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि शरीर सहसा त्याला नाकारत नाही. तरीही त्यांच्या मनाला पटत नसेल तर सर्जनला तसे स्पष्ट सांगावे. त्यांच्याच डोळ्यातील पापुद्रा वापरता येतो का, हे आधी पाहणे सहज शक्य आहे आणि मीही आधी तेच पाहिले असते.

सर्जनला दोन प्रश्न विचारावेत. एक, पहिल्या वेळी पापुद्रा किती सोलला होता आणि बाजूला किती शिल्लक आहे? दोन, या पद्धतीची ऑपरेशने त्यांनी स्वतः केली आहेत का, आणि नसतील तर कोणाकडे पाठवता येईल? दुसरा प्रश्न विचारल्याने कोणाही चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

अपेक्षांविषयी मात्र सावध राहावे. दुसऱ्या ऑपरेशननंतर साधारण चारांपैकी तीन छिद्रे बुजतात, हे आशादायक आहे. पण छिद्र बुजणे आणि दृष्टी येणे या दोन गोष्टी आहेत. मोठ्या, जुन्या छिद्राच्या मधल्या प्रकाशपेशी परत उगवत नाहीत. तक्त्यावरील एखाद-दोन ओळी जास्त वाचता येणे, मधला काळा ठिपका लहान होणे, समोरच्याचा चेहरा ओळखता येणे, इतका लाभ झाला तरी तो लाभच आहे. वडिलांचा दुसरा डोळा चांगला असेल आणि ते आपली कामे व्यवस्थित करत असतील, तर ऑपरेशन नको म्हणण्याचाही त्यांना अधिकार आहे, आणि त्यांच्या वतीने मुलांनी होकार देऊ नये.

प्रश्न : आईचे दुसऱ्यांदा ऑपरेशन मुंबईत होणार असून वायू भरणार आहेत. तीन आठवड्यांनी तिला माझ्याकडे दुबईला यायचे आहे. शिवाय ऑपरेशननंतर ती महाबळेश्वरजवळच्या गावी जाणार आहे. चालेल का? – एक वाचक, दुबई

उत्तर : दोन्ही नाही. हा नियम अगदी कडक आहे. विमानाच्या आतील हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरील हवेइतका असतो. बाहेरचा दाब कमी झाला की डोळ्यातील वायू फुगतो, डोळ्याचा दाब एकदम चढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. घाटातही हेच घडते. मुंबई समुद्रसपाटीला, महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर. मुंबईत वायू भरून लगेच गाडीने तेथे चढणे धोक्याचे आहे. खंडाळ्याचा घाट चढून पुण्याला जायचे असले तरी सर्जनला विचारूनच जावे.

कोणता वायू भरणार ते आधी विचारावे. एसएफ-६ साधारण दोन ते तीन आठवड्यांत विरतो, सी३एफ८ सहा ते आठ आठवडे राहतो, आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये बहुधा हा दुसरा निवडतात. त्यामुळे दुबईचे तिकीट तीन आठवड्यांनी काढूच नये. वायू विरतो कसा, हे आईला स्वतःलाही दिसेल: सुरुवातीला हात हलवल्याचेच काय ते कळते, मग वरच्या बाजूने थोडे स्वच्छ दिसू लागते आणि त्याखाली पाण्याच्या पातळीसारखी एक हलती काळी रेघ दिसते, ती रोज थोडी खाली सरकते, शेवटी तळाशी एक गोल थेंब उरतो आणि एक दिवस तोही जातो. तरीसुद्धा डॉक्टरांनी तपासून ‘वायू गेला’ असे लिहून दिल्याशिवाय विमानात बसू नये. या काळात दुसऱ्या कोणत्याही कारणाने भूल द्यावी लागली, अगदी अपघातात हाड मोडले तरी, भूलतज्ज्ञांना डोळ्यात वायू आहे हे सर्वांत आधी सांगावे, कारण नायट्रस ऑक्साइडनेही बुडबुडा फुगतो. वायू असेपर्यंत आईने मनगटावर तशी पट्टी बांधून ठेवावी.

प्रवास टाळणे अशक्यच असेल तर सिलिकॉन तेल भरण्याचा पर्याय असतो. पण ते काढायला आणखी एक ऑपरेशन लागते, आणि मॅक्युलर होलमध्ये वायूइतका चांगला निकाल तेलाने सहसा मिळत नाही. एका प्रवासासाठी तो मार्ग धरू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : मानेचा स्पॉन्डिलायसिस आणि गुडघेदुखी यांमुळे मला पालथे झोपता येत नाही. मग दुसरे ऑपरेशन करूच नये का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : करावे. पूर्वी दोन-दोन आठवडे पालथे राहायला सांगत. आता बहुतेक सर्जन तीन ते पाच-सात दिवसांवर आले आहेत, आणि लहान छिद्रांत कित्येक जण फक्त उताणे झोपू नका एवढेच सांगतात. मोठ्या छिद्रांत पालथे राहण्याने थोडा फायदा होत असावा, असा कल ब्रिटनमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत दिसला, पण तो निर्विवाद ठरला नाही. म्हणून आपल्या सर्जनला अडचण आधी सांगावी, ऑपरेशननंतर नव्हे. खुर्चीवर बसून समोरच्या टेबलावर दोन उशा रचून कपाळ टेकवणे, हेही पालथे राहणेच आहे. शरीर पालथे असण्याची गरज नाही, चेहरा जमिनीकडे हवा. जेवताना आणि शौचाला जाताना उठण्यास हरकत नाही. तासाला काही मिनिटे उठून मान हलवावी, पायांच्या पोटऱ्या हलवाव्यात, कारण तासन्‌तास न हलता पडून राहिल्यास पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. रात्री कुशीवर झोपून चेहरा उशीत खाली वळवला तरी पुष्कळ साधते. घरात कोणी दिवसातून दोन-तीनदा वाचून दाखवणारे असेल तर हे दिवस बरेच सुसह्य होतात.

प्रश्न : माझ्या डाव्या डोळ्याची दोन ऑपरेशने झाली. डॉक्टर म्हणतात छिद्र बुजले, पण मला मधोमध काळे दिसतेच. तिसरे ऑपरेशन करावे का? उजव्या डोळ्यालाही होईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘बुजले’ या शब्दामागे ओसीटीत दोन वेगळी चित्रे असू शकतात. एकात कडा एकमेकींना मिळालेल्या असतात. दुसऱ्यात कडा खाली बसून पडद्याच्या तळाला चिकटलेल्या असतात, पण मध्ये उघडी जागा उरलेली असते; कडांभोवतीचे पाणी ओसरले म्हणून त्यालाही बुजणे म्हणतात, पण दिसण्यात फारसा फरक पडत नाही. आपल्याला त्रास होतो त्यावरून दुसरे चित्र असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांना ओसीटीचे चित्र पडद्यावर दाखवायला सांगावे आणि मध्ये जागा उघडी आहे का हे स्वतः पाहावे. कडा मिळालेल्या असतील तर तिसऱ्या ऑपरेशनाने काहीही मिळणार नाही. राहिलेला काळा ठिपका गेलेल्या पेशींचा आहे. जागा उघडी असेल तर वर सांगितलेल्या पद्धती विचारात घेता येतात, पण प्रत्येक ऑपरेशनबरोबर पडदा फाटण्याचा, निसटण्याचा आणि क्वचित जंतुसंसर्गाचा धोका नव्याने येतो, आणि दोनदा हाताळलेल्या पडद्यात मिळणारा लाभ घटत जातो. दुसऱ्या एखाद्या पडदातज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय तिसऱ्या वेळी टेबलावर जाऊ नये.

उजव्या डोळ्याची काळजी रास्त आहे, पण ती मोजून करावी. दुसऱ्या डोळ्यात छिद्र होण्याची शक्यता साधारण दहांत एक धरतात. त्या डोळ्यातील जेली पडद्यापासून आपोआप पूर्ण सुटी झाली असेल तर ती शक्यता फारच कमी होते, आणि सुटी झाली की नाही हे तपासणीत आणि ओसीटीत कळते. घरी आठवड्यातून एकदा डावा डोळा हाताने झाकून, नेहमीचा वाचायचा चष्मा लावून, चौकटीच्या वहीचे पान किंवा फरशीच्या रेघा पाहाव्यात. रेघ वाकडी किंवा तुटलेली दिसली तर आठवड्याभरात दाखवावे. अचानक ठिणग्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा बाजूने पडदा सरकत आल्यासारखे दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तिसरे ऑपरेशन न करण्याचे ठरले, तर डॉक्टरांकडून ‘लो व्हिजन’ विभागाची चिठ्ठी घ्यावी. उजेडाचा भिंग, मोठ्या अक्षरांची मोबाइलची मांडणी, टेबलावर खांद्यामागून पडणारा पिवळसर दिवा यांची निवड तेथे आपल्या डोळ्यांनुसार करून देतात. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून आपले ऑपरेशन तीत बसते का हे विचारावे. शिधापत्रिका आणि आधीच्या दोन्ही ऑपरेशनांचे कागद बरोबर न्यावेत.